रॅम्पच्या वाटेतली शिंदी: झाड हलवण्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

महापालिकेच्या टी विभागातून परवानगीचे पत्र आले आहे, तेव्हा आजपासून वही सुरू. मुंबईत झाड तोडायलाच नव्हे, उपटून दुसरीकडे लावायलाही उद्यान खात्याची परवानगी लागते. १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा घराच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे, त्यामुळे आपल्याच कुंपणातले म्हणून परस्पर हलवता येत नाही.

झाड शिंदीचे. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, खजुराची सख्खी बहीण. मुलुंड पूर्वेला आमच्या जुन्या घराच्या पुढच्या अंगणात, दारापासून कुंपणाकडे जाणाऱ्या वाटेवर आपोआप उगवलेले. कुणी लावलेले नाही, बी पाखरांनीच टाकले असणार. खोड जमिनीपासून चार फूट मोकळे, तुटक्या देठांच्या खुंटांसकट जाडी साधारण ४० सेंटिमीटर. झाड नर आहे, म्हणजे फळे धरणार नाहीत. शिंदीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात.

हलवायचे कारण सासूबाईंची चाकाची खुर्ची. दाराचा उंबरठा अंगणापासून दीड फूट वर आहे. खुर्ची कुणाच्या मदतीशिवाय चढायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी या हिशेबाने उतार लागतो, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. कागदावर तो वळवून पाहिला. पण वळणावर खुर्ची फिरवायला पाच फुटांचा सपाट चौक लागतो आणि तो कुठेच बसत नाही. सरळ काढला की शिंदी बरोबर मध्ये येते.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "ते झाड आपणहून आलंय गं. त्याला तोडून माझी वाट नको." त्यामुळे तोडण्याचा विचार घरात कुणी केलाच नाही.

नवी जागा विहिरीच्या कठड्यापलीकडे, आग्नेय कोपऱ्यात. दिवसभर ऊन, वर तारा नाहीत. अंतर पंचवीस फूट. मोजायला थोडे, पण मातीच्या गड्ड्यासकट टनाच्या घरात जाणारे झाड तेवढे न्यायचे आहे.

१२ एप्रिल, शनिवार

आज अर्ध्या वर्तुळाचा चर खणला. खोडाच्या कडेपासून एक फूट सोडून, अडीच फूट खोल. माळीकाका पालघरकडचे, लहानपणापासून शिंदीच्या सोबतीने वाढलेले. त्यांनी आधी पहार चार ठिकाणी मारून मातीचा अंदाज घेतला. वर दोन फूट चिकण काळी माती, खाली घर बांधताना टाकलेला मुरमाचा भराव. चिकण माती इथे उपयोगाची, गड्डा फुटत नाही.

या कुळाची मुळे आंब्या-जांभळासारखी नसतात, हे काम हातात घेण्याआधी नीट समजून घ्यावे लागते. आंब्याचे मूळ वर्षागणिक जाड होते, त्याला फांद्या फुटतात, सोटमूळ खोल जाते. शिंदी, नारळ, ताड, सुपारी यांत सोटमूळ टिकतच नाही. खोडाच्या बुंध्यातून शेकडो मुळे निघतात आणि जेवढ्या जाडीचे मूळ निघाले तेवढ्याच जाडीचे ते शेवटपर्यंत राहते. आज कापलेली बहुतेक मुळे पेन्सिलीच्या जाडीची होती. वरची साल तांबूस तपकिरी आणि चिवट, आत पांढरा गाभा, मधोमध कडक दोरा. कुदळीने ती चेचली जातात, म्हणून प्रत्येक मूळ धारदार कात्रीने वेगळे कापले. वेळ गेला, पण काप स्वच्छ बसले.

कापलेल्या मुळाचे पुढे काय होते, यावर सगळा खेळ आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या टिमोथी ब्रोशॅट यांनी १९८०च्या दशकात याचा अभ्यास केला. नारळाची कापलेली मुळे निम्म्याच्या आसपास जगतात आणि पुन्हा फुटतात. साबल पामची जवळजवळ सगळी मरतात. त्या झाडाला बुंध्यातून पूर्ण नवी मुळे काढावी लागतात. खजुराच्या कुळातल्या एका आफ्रिकी जातीत मुळाचा राखलेला तुकडा जितका लांब तितकी ते जगण्याची शक्यता जास्त. शिंदी त्याच कुळातली, म्हणून आम्ही दोन्ही गोष्टी धरून चाललो आहोत: गड्डा ऐपतीप्रमाणे मोठा ठेवायचा, आणि झाड जागेवर असतानाच मुळे आधी छाटून नव्या मुळांना वेळ द्यायचा.

चर वाळू आणि कोकोपीटने भरला. नवी मुळे इथेच यावीत आणि दिसावीतही.

२० एप्रिल, रविवार

पाणी एक दिवसाआड, चरातच. पाने टवटवीत. यंदाची वाळलेली पोय, म्हणजे फुलांचा तुरा, कापून टाकली.

भाची इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिच्या परसात ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी आहे, चीनमधला पाम, उणे पंधरा अंशांच्या आसपासची थंडीही सोसणारा. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्या स्कॉटिश माणसाने १८४९मध्ये तो लंडनच्या क्यू बागेत पाठवला आणि त्याचेच नाव झाडाला लागले. तिनेही मागे तो हलवला होता. तिकडे जमीन गरम होईपर्यंत, म्हणजे वसंत सरेपर्यंत थांबावे लागते, कारण थंड मातीत या झाडांची मुळे वाढतच नाहीत. मुंबईत जमीन थंड पडण्याचा प्रश्न नाही. इथे मुहूर्त पावसाचा बघायचा. झाडाला ओल मिळाली पाहिजे आणि मुळे बुडताही कामा नयेत, एवढ्या फटीतला आठवडा हवा. वेधशाळेच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याच्या थोडे आधी उचलायचे ठरवले आहे.

थंडी सोसणारा पाम म्हणून परदेशी झाडांचे कौतुक होते, पण आपल्याकडेही पिथोरागडच्या डोंगरांत ट्रॅकिकार्पस टाकिल बर्फात उभा असतो. आणि शिंदी पंजाबातला हिवाळाही काढते, कोकणातला उन्हाळाही. दोन्ही टोके सांभाळणारे हे आपल्या मातीतले झाड रोपवाटिकेत मागितले की "खजूर चालेल का?" असे विचारतात. याचे मला मनापासून वाईट वाटते.

३ मे, शनिवार

उरलेल्या अर्ध्या वर्तुळाचा चर आज. या बाजूला जुन्या नळाचा एक गंजका तुकडा निघाला, मुळांनी त्याला वेढले होते. तो ओढून न काढता दोन्हीकडे कापला. ओढला असता तर गड्ड्याची ती बाजू सुटली असती.

माळीकाकांना विचारले, झाड लहान असतानाच हलवले असते तर सोपे गेले नसते का? ते म्हणाले, "नाही ताई, खोड दिसायच्या आधी उचललेली शिंदी रुजत नाही, मरते." शास्त्रही तेच सांगते. खोड जमिनीवर दिसू लागते तोवर बुंध्याचा मुळे फुटणारा भाग पुरता तयार झालेला असतो. त्याआधी झाड आपली जाडी कमावण्यातच गुंतलेले असते. ही झाडे आधी रुंद होतात, मग उंच. नंतर त्यांचे खोड जाड होत नाही, कारण आंब्यासारखा सालीखालचा वाढता थर त्यांना नसतो. म्हणूनच खोडाला पडलेली जखमही कधी भरून येत नाही. आज खिळा ठोकला तर तो भोसका झाड आहे तोवर राहणार. सगळ्यांना बजावले आहे, खोडाला खिळा नाही, तार नाही, पहारीचा टेका नाही.

१८ मे, रविवार

पहिल्या चराची वाळू हाताने उकरून पाहिली. मुळे आली आहेत! बुंध्याकडून, कापलेल्या जुन्या मुळांच्या वरच्या अंगाने, मुगाला आलेल्या मोडांसारखी पांढरी टोके वाळूत घुसलेली. कापलेल्या जुन्या मुळांपैकी काहींच्या टोकाशी बारीक फुटवे आहेत, काही काळी पडून पोकळ झाली आहेत. बोटाने दाबली की साल दोऱ्यावरून सुटून येते. लगेच वाळू परत लोटून ओली केली. ही टोके उन्हात थोडा वेळ राहिली तरी जातात.

नव्या जागेचा खड्डाही आज झाला. साडेचार फूट रुंद, अडीच फूट खोल. तळाशी माती ओलसर लागली. विहीर जवळ आहे, खाडीही काही लांब नाही.

२७ मे, मंगळवार

काल, २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत आला. वेधशाळेच्या १९५०पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे होती. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाने १९१८चा विक्रम मोडला. आमच्या अंगणात त्याचा अर्थ एवढाच, की नवा खड्डा काठोकाठ भरला आहे.

पाणी उपसून पाहिले. तासाभरात बाजूंनी झिरपून पुन्हा हातभर चढले. म्हणजे हे नुसते पडलेले पाणी नाही, जमिनीतलेच वर आले आहे, आणि चार महिने ते असेच राहणार. शिंदी ओढ्याकाठी, मचूळ पाण्यात, पुराच्या जागीही उभी असते, हे खरे. पण ती रुजलेली शिंदी. मुळे कापलेल्या झाडाला नवी मुळे फुटायला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नसते.

तेव्हा बेत बदलला. खड्डा अर्धा भरून घ्यायचा आणि गड्डा निम्मा जमिनीत, निम्मा वर ठेवायचा. भोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा रुंद ओटा, आत चराचीच माती आणि जाड वाळू. ओट्याच्या उतरत्या बाजूने कुंपणाच्या गटारापर्यंत एक चर.

दीर म्हणाले, "वहिनी, सगळा खड्डाच मुरमाने भरून वर ठेवलं तर?" त्यांना सांगितले, मग पावसाळ्यानंतर ते झाड कुंडीतल्यासारखे कोरडे पडेल. ऑक्टोबरच्या उन्हात त्याची मुळे खालच्या ओलीपर्यंत पोचायला हवीत. निम्मे-निम्मे हेच बरे.

खोली मात्र कुठल्याही परिस्थितीत वाढवायची नाही. उभे राहावे म्हणून अशी झाडे हात-दीड हात खोल पुरतात. मग वरची मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडत जातात आणि झाड दोन-तीन वर्षांनी जाते. तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या जागी माती जिथवर होती तिथे खोडावर खडूने रेघ मारून ठेवली. उत्तर दिशेलाही एक खूण केली, झाड त्याच तोंडाने बसवायला.

७ जून, शनिवार

पाऊस आठवडाभर थांबला आहे. कडक ऊन, भरपूर दमट. उद्या उचलायचे. सगळ्या चराला आज भरपूर पाणी दिले. कोरडा गड्डा उचलताना ढासळतो.

पाने छाटली. खालची साधारण निम्मी काढली, वरची राखली. शिंदीच्या पानाच्या देठाकडच्या पात्यांचेच काटे झालेले असतात आणि ते चामड्याच्या हातमोज्यातूनही घुसतात. म्हणून माळीकाकांनी आधी प्रत्येक देठावरचे काटे कोयत्याने खरवडून काढले, मग पान तोडले. देठ हातभर राखले. नारळाच्या बागांतही हिरवी झावळी तोडताना मीटरभर देठ ठेवायला सांगतात, म्हणजे सोंड्या भुंगा कापाच्या वासाने आला तरी खोडापर्यंत पोचत नाही. कोयता आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून घेतला होता. या कुळातले काही मर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर हत्यारांनी जातात.

८ जून, रविवार

उचलले.

सकाळी लवकर गड्ड्याच्या खालून काप घेतला. हे काम सगळ्यांत जिकिरीचे. दोघांनी दोन बाजूंनी आडवे पडून, हात चरात घालून पहारीने खालची माती पोखरली आणि मुळे करवतीने कापली. खालची मुळे थोडी होती, पण चिवट. मग गड्ड्याला ओले गोणपाट दोन थरांत गुंडाळून वरून सुंभाने आडवे-उभे आवळले. गोणपाट सोडवले नाही तरी मातीत कुजते. प्लॅस्टिकचे पोते असते तर बसवताना काढावे लागले असते आणि काढताना गड्डा फुटतो.

राखलेली पाने वर उचलून सुतळीने सैलसर बांधली. यात शेंड्याला जपणे हेच खरे. या झाडाला वाढीचे ठिकाण एकच, पानांच्या मध्यात खोल. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, इथे तो कोंब गेला की झाड गेले. वर पानांचा भार डोलला तर आतला कोवळा भाग दुखावतो, आणि ते बाहेर कळते ते कित्येक आठवड्यांनी. म्हणून पानांच्या जुडीच्या दोन्ही अंगांना बांबू लावून ती खोडाला जखडली, मध्ये जुन्या गोधड्यांचे थर.

दिरांच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमधून लोखंडी तिकाटणे आणि दोन टनांची चेनपुली आली. हायड्रा क्रेन बोलावायचा विचार होता, पण गल्लीतून आत वळत नाही. पट्टे गड्ड्याच्या खालून घेतले आणि वर एकत्र आणून हुकात अडकवले. खोडाला फक्त एक सैल पट्टा, तोल सांभाळण्यापुरता. साखळी ओढली तसा पहिल्यांदा गड्डा हललाच नाही, तिकाटण्याचे पाय मातीत रुतू लागले. फळ्या घातल्या, पुन्हा ओढले. मग खालून चिखल सुटल्याचा दबका आवाज आला आणि झाड बोटभर वर आले. दीर ओरडले, "थांबा, थांबा, सावकाश!" एक मूळ अजून धरून होते. ते कापले आणि गड्डा मोकळा झाला.

फळ्यांच्या तराफ्यावर टेकवून, खाली नळाचे तुकडे घालत अंगणातून पुढे सरकवला. मागचा नळ मोकळा झाला की उचलून पुढे आणायचा. पंचवीस फुटांना दुपार झाली. सासूबाई दारात बसून नळ कुठला मोकळा झाला ते सांगत होत्या आणि त्यांचे बरोबर असायचे.

ओट्यात उतरवताना खडूची रेघ चिऱ्यांच्या वरच्या कडेशी जुळवली, उत्तरेची खूण उत्तरेला. भोवतीने मातीचे थर टाकत प्रत्येक थरावर पाणी सोडले. पायाने तुडवले नाही, पाण्याने माती आपोआप पोकळ्यांत उतरते. शेणखत, गांडूळखत काहीच घातले नाही. कुजणाऱ्या खतात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि मुळे नसलेल्या झाडाला खत घेताही येत नाही.

टेकू तीन. खोडाला गोणपाट, त्यावर लाकडाच्या उभ्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवरून आवळपट्टा. बांबू या पट्ट्यांना ठोकले, खोडाला नाही. संध्याकाळी पानांची सुतळी सोडली. आपल्या दमट हवेत बांधून ठेवलेल्या जुडीत पाणी साठते आणि कोंब कुजतो.

१६ जून, सोमवार

काल रात्रीपासून पाऊस परत. मधल्या कोरड्या दिवसांत पाणी रोज, फक्त गड्ड्यावर. मुळे अजून गड्ड्याबाहेर पडलेली नसताना आजूबाजूला पाणी घालून उपयोग नाही. आजपासून पाणी बंद, आळ्याचा एक कोपरा फोडून दिला.

शेंड्यात बुरशी होऊ नये म्हणून एक टक्का बोर्डो मिश्रण ओतले.

५ जुलै, शनिवार

शेंड्याचे मिटलेले पान आणि त्याच्या शेजारचे उघडे पान यांवर एकाच पातळीत मार्करने रेघ मारली होती. आज मधली रेघ दोन बोटे वर सरकली आहे. घरात आनंद झाला, पण मी त्यावर विसंबणार नाही. खोडात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावर मधले पान काही काळ वाढत राहते, खाली एकही मूळ नसले तरी. खरी परीक्षा त्यापुढच्या पानाची.

रॅम्पचे काँक्रीट झाले.

२० जुलै, रविवार

खालची पाने टोकांकडून वाळत चालली आहेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वाळलंय ते, काढून टाक, बरं दिसत नाही." काकूंना घरात बोलावून चहा दिला आणि समजावले. झाड जुन्या पानांतले पोटॅशियम काढून नव्या पानांना पुरवत असते. पिवळे-तपकिरी झालेले पान अर्धवट हिरवे असेपर्यंत तो त्याचा शिधा आहे. ते आधीच कापले तर झाड त्याच्या वरच्या पानातून घेऊ लागते आणि वाळणे वर सरकत जाते. पूर्ण वाळून लोंबेल तेव्हाच काढीन. दिसायला बरे नाही, हे मान्य.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी वरून तिसऱ्या पानाची पाती कात्रीने कापल्यासारखी तिरकी कातरलेली दिसली. गेंड्या भुंगा. तो मिटलेल्या पानातून आरपार भोक पाडतो, आणि पान उघडले की दोन्ही बाजूंना सारखे त्रिकोणी काप दिसतात. शिडी लावून पाहिले तर देठाच्या बेचक्यात भोक आणि बाहेर चघळलेल्या धाग्यांचा ओला भुगा. तारेच्या आकडीने काढला. काळा, नाकावर शिंग, अंगठ्याच्या पेराहून मोठा. कोंबापासून चार बोटांवर होता.

त्यामागून येणाऱ्या सोंड्या भुंग्याची धास्ती अधिक. गेंड्याने केलेल्या जखमेत तो अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून खातात. बाहेर तपकिरी चिकट पाणी आणि आंबूस वास येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून भोक स्वच्छ करून बुजवले आणि वरच्या बेचक्यांत डांबराच्या गोळ्या बारीक वाळूत मिसळून भरल्या. कोकणात नारळाला हे करतात.

भुंगे येतात कुठून, ते शोधले. मागच्या गल्लीत एका घरी शेणखताचा जुना ढीग आहे. त्यांना विचारून तो उपसला. आत पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ढिगात मिसळली. अळ्यांना ती मारते, झाडाला आणि माणसाला त्रास नाही. त्यांनाही त्यांच्या नारळांसाठी ते हवेच होते.

२० ऑगस्ट, बुधवार

परवा आणि काल मुंबईत पावसाने कहर केला. अंगणात घोटाभर पाणी. ओट्याचा वरचा भाग मोकळा राहिला आणि उतरत्या चरातून पाणी सतत वाहत होते. एक बांबू ढिला झाला, खोड दीड बोट कलले. ओल्या मातीत लगेच सरळ केले आणि खालून दगड दिला.

२८ सप्टेंबर, रविवार

स्थलांतरानंतर आतल्या आत तयार झालेले पहिले पान उघडले. जुन्या पानांपेक्षा आखूड, पात्यांमध्ये अंतर कमी, रंग राखाडी-हिरवा, एकही डाग नाही. लहान पान हे वाईट लक्षण नाही, झाड हाताशी आहे तेवढ्यात भागवते आहे. त्याच्या मागचे पान हातभर वर आले आहे.

ओट्याच्या कडेला चिऱ्यांच्या फटीत हात घालून माती चाचपली. गोणपाट पार विरले आहे आणि त्यातून बाहेर आलेले मूळ बोटाला लागले. गड्ड्याबाहेर, नव्या मातीत. आता मला बरे वाटते आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पाऊस गेल्यापासून आठवड्यातून दोनदा पाणी, ओट्यावर नारळाच्या सोडणांचे आच्छादन, खोडापासून वीतभर दूर. पूर्ण वाळलेली पाने काढली. पूजेतली केरसुणी शिंदीचीच असते. माळीकाकांनी आपल्या झाडाची चांगली पाने निवडून नेली होती, त्यांचा फडा बांधून आणला. बांधणीतला एक वेढा त्यांनी मला करायला लावला, आणि तो चार वेळा सुटला तरी स्वतः हात लावला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

हवेत गारवा. मुंबईची थंडी शिंदीला काही करत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर गेला होता, आणि तेवढ्यातही तिच्या पानाला काही होत नाही. वाढ मात्र मंदावली आहे. दुसरे नवे पान उघडले, पहिल्यापेक्षा वीतभर लांब.

पहिले खत आता द्यायला हरकत नाही. सावकाश सुटणारे, पोटॅश जास्त असलेले, सोबत थोडे मॅग्नेशियम. ओट्यावर पसरून, खोडाला न चिकटवता, वर पाणी. नुसता युरिया देणार नाही. त्याने पाने भराभर वाढतात आणि पोटॅशची ओढ वाढून जुनी पाने आणखी वाळतात.

टेकू पुढच्या जूनपर्यंत राहू द्यायचे. पट्टे दर महिन्याला सैल करून खालचे गोणपाट वाळवायचे, कारण त्याखाली मुंग्या होतात. पोय दिसली की ती उमलायच्या आतच कापायची, या वर्षी फुलण्यात ताकद जायला नको.

सासूबाई आता सकाळी रॅम्पवरून खाली उतरून विहिरीपर्यंत एकट्या जातात. भुंग्याचा भुगा पडला आहे का, ते बघायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.